देवकुंडची एक दिवसाची सहल: परतीच्या ओढ्यावर अडकलेला गट

देवकुंड धबधबा रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या भिरा-पाटणूसच्या मागे, ताम्हिणीच्या घाटमाथ्याखाली आहे. कुंडलिका नदीचा उगम इथला मानतात. वरच्या प्लस व्हॅलीतून उतरत आलेलं पाणी शेवटच्या कड्यावरून सरळ खाली एका गोल कुंडात पडतं. पाऊस ओसरला की हे कुंड निळं-हिरवं आणि नितळ होतं. लोकांना भुरळ घालणारे सगळे फोटो याच दिवसांतले. भिऱ्याहून पायी वाट एका बाजूने सहा-सात किलोमीटर आहे. सुरुवातीला धरणाच्या पाण्याकडेने सपाट, मग झाडीतून, मध्ये ओढा आणि शेवटी गोट्यांमधून चढ. सराव नसलेल्याला दोन ते अडीच तास लागतात. गावातला वाटाड्या बरोबर घेऊनच जायचं असतं.

इथे मांडलेला गट आणि त्यांचा दिवस नमुन्यादाखल धरला आहे. वाट, पाणी, हवामान आणि त्यात होणाऱ्या चुका मात्र या खोऱ्यात दर हंगामात दिसतात त्याच आहेत.

गट आणि ठरलेली वेळ

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, शनिवार. पुण्याहून १४ जण एका मिनीबसने निघाले. त्यांत नऊ आणि अकरा वर्षांची दोन मुलं, साठी ओलांडलेले एक काका, आणि पोहता येतं असं सांगणारे पाच जण. हे पाचही जण तलावात, म्हणजे स्थिर पाण्यात पोहणारे. सहलीचा एक आयोजक बरोबर होता आणि भिऱ्याचे दोन वाटाडे ठरवलेले होते. सात जणांमागे एक वाटाड्या हे प्रमाण योग्य आहे. वीस-पंचवीस जणांच्या रांगेला एकच वाटाड्या दिला, तर शेपटीकडचे लोक कुठे थांबलेत हे पुढच्याला कळतच नाही.

कागदावर वेळापत्रक चांगलं होतं. पहाटे ५ ला कोथरूड सोडायचं, पौड-मुळशी-ताम्हिणी-विळे मार्गे ८ ला भिरा, साडेआठला चालायला सुरुवात, ११ ला कुंड, साडेबाराला सगळे पाण्याबाहेर, २ च्या आत ओढा ओलांडून गावाच्या बाजूला, आणि साडेतीनला गावात पिठलं, तांदळाची भाकरी, आमटी-भात.

प्रत्यक्षात गाडीत माणसं घेण्याच्या दोन ठिकाणी मिळून पाऊण तास गेला. ताम्हिणीत फोटोसाठी दोनदा गाडी थांबली. गावात पोहे-चहाला तास लागला. पहिलं पाऊल पडलं १०:२० ला.

दिवसाचं पुढचं सगळं याच क्षणी ठरलं, पण गटातल्या कोणाला ते जाणवलं नाही. मोठ्या वाटाड्याने आयोजकाला सांगितलं होतं, "उशीर झालाय दादा. साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं." साडेबाराला गट शेवटच्या चढाखाली होता. धबधब्याचा आवाज ऐकू येत होता. आयोजकाने ही अट गटाला सांगितलीच नव्हती, त्यामुळे तिथून मागे फिरणं त्याला जमलं नाही. १:०५ ला सगळे कुंडावर पोहोचले.

उशीर झाला की बहुतेक आयोजक पूर्ण वेळापत्रकच पुढे ढकलतात: दोन तास उशिरा निघालो, तर दोन तास उशिरा परतू. डोंगरात असं चालत नाही, कारण वेळापत्रकाचं दुसरं टोक ऊन आणि ढग यांनी बांधलेलं असतं. उशीर झाला तर तो पाण्यातल्या वेळेतून कापायचा. परतीची वेळ हलवायची नाही.

दुपारनंतरच का

मुंबईतून मान्सून माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे जुलैसारखी दिवसभराची झड नसते. सकाळ लख्ख असते. ऊन तापतं, जमिनीतली ओल वर जाते, दुपारी घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि दोन-तीनच्या सुमाराला गडगडाटासह पाऊस कोसळतो. तो सगळीकडे पडत नाही. ताम्हिणीवर तासभर धो धो आणि भिऱ्यात ऊन, असंही होतं.

कुंडापाशी उभ्या माणसाला आकाशाचा जेमतेम एक तुकडा दिसतो. तिन्ही बाजूंनी कडे. पाणी ज्या पठारावरून येतं ते त्याच्या डोक्याच्या मागे, कितीतरी वर. तिथे पडलेल्या पावसाला अडवायला ना शेत, ना माती. उघडा कातळ आणि अरुंद घळ. त्यामुळे पाणी तासाभरात, कधी त्याहून आधी खाली येतं. वर पाऊस थांबला की तितक्याच वेगाने ओसरतंही. गटाला शेवटी वाचवलं ते या दुसऱ्या गुणाने.

कोलाडला राफ्टिंग करून आलेल्यांचा इथे एक गैरसमज होतो. कोलाडच्या पट्ट्यात कुंडलिकेला सकाळी येणारं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सोडलेलं असतं. ते ठरलेल्या वेळी येतं, म्हणून तिथले मार्गदर्शक घड्याळ लावून होड्या सोडतात. देवकुंडचा ओढा त्या केंद्राच्या वरच्या अंगाला आहे. त्याच्यावर कोणतंही दार नाही आणि कसलाही भोंगा वाजत नाही.

कुंडातली पस्तीस मिनिटं

पाण्यात उतरण्याआधी धाकट्या वाटाड्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही प्रत्येक सहलीत व्हायला हव्यात. काठाशी पाणी जिथे टेकत होतं तिथे त्याने तीन दगडांची चळत रचली. मग कातळापासून हाताने दाखवत हद्द सांगितली: या दगडापुढे कोणी जायचं नाही.

ही हद्द लोकांना जाचक वाटते, कारण धार पडते तिथलीच मजा हवी असते. तिथे नेमकं काय होतं ते समजून घ्यायला हवं. उंचावरून पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा खाली नेतं आणि तिथे पांढरा फेस होतो. फेसाळ पाणी शरीराला नेहमीइतकं उचलून धरत नाही, त्यामुळे चांगला पोहणारासुद्धा तिथे खोल बसतो. धारेखाली गेलेलं पाणी तळाशी पसरून वर येतं आणि पृष्ठभागावरचं काही पाणी पुन्हा धारेकडे ओढलं जातं. त्या फेऱ्यात अडकलेला माणूस हातपाय मारून दमतो, पण जागचा हलत नाही. शिवाय वरून दगड आणि फांद्या येतात. तीसेक मीटरवरून पडलेला मुठीएवढा दगडही डोकं फोडायला पुरेसा असतो. कड्याखाली मान वर करून उभं राहायचं नाही, हा नियम पोहता येणाऱ्यालाही लागू आहे.

दुसरा धोका काठाचा. कुंडाचा तळ परातीसारखा हळूहळू उतरत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि पाय टेकतच नाहीत. कातळावरचं हिरवट-काळं शेवाळ ओलं असताना चकाकतं. तिथे रबरी चप्पल टिकत नाही, अनवाणी पायही टिकत नाहीत. जाड, खोबणीदार तळाचे बूट पाण्यातसुद्धा पायात ठेवायचे आणि पाऊल उचलून न टाकता घासत पुढे न्यायचं. उडी मारायची नाही, कारण गेल्या वर्षी जिथे खोल होतं तिथे या पावसाळ्यात पाण्याने गोटा आणून ठेवलेला असू शकतो.

लाइफ जॅकेटं सहा होती. सहा किलोमीटर पाठीवर वाहायची म्हणून चौदा कोणी आणत नाही. त्यामुळे नियम असा होता: एका वेळी पाण्यात सहाच जण, पोहता येवो वा न येवो. हा उत्तम तोडगा आहे, कारण वाटाड्याला सहा डोकी सतत मोजता येतात. जॅकेट घातल्यावर कोणीतरी मागून खांद्यांचे पट्टे वर ओढून पाहावेत. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते तोंडावर येईल आणि माणूस खालून निसटेल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून घालणं उपयोगाचं नाही. त्यांच्या मापाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलंच हवं. या सहांत एकच लहान मापाचं होतं, म्हणून दोन मुलं एकदम पाण्यात उतरली नाहीत.

चालून तापलेलं अंग एकदम गार पाण्यात गेलं की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. आधी घोटे, मग गुडघे, मानेवर-छातीवर पाणी, श्वास सावरला की पुढे. साठीचे काका गुडघाभर पाण्यात बसून राहिले, आणि ते अगदी बरोबर केलं. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांनी इतकंच करावं.

"पाणी बदललंय"

१:४० ला मोठ्या वाटाड्याने शिट्टी वाजवली. दगडांच्या चळतीचा खालचा दगड बुडाला होता. पाणी अजून नितळच होतं, पण त्यावर सुकी पानं आणि काटक्या येऊ लागल्या होत्या. धारेचा आवाज भरीव झाला होता. वर ढग दिसत नव्हता.

"ताई, मुलांना बाहेर घ्या. पाणी बदललंय. निघायचं."

गटातल्या दोघांनी वाद घातला. ऊन आहे, पाऊस कुठे आहे, अर्ध्या तासासाठी का एवढे पैसे भरले? पाण्याचा क्रम इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. साधारणपणे आधी पानं-काटक्या येतात, कारण काठावर वाळत पडलेला पाचोळा वाढलेलं पाणी उचलतं. मग रंग गढूळतो आणि मातीचा वास येतो. शेवटी मोठ्या फांद्या आणि गोटे गडगडल्याचा आवाज. पहिल्या खुणेवर निघालं तर हाती वेळ असतो. गढूळ होईपर्यंत थांबलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं तेव्हा ती माणसं प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना धरून उभी होती. तिथून काठ काही पावलांवरच होता, पण ती पावलं टाकण्याजोगी वेळ निघून गेली होती. पाणी वाढताना प्रवाहातल्या खडकावर थांबायचं नाही, आधी काठ गाठायचा. इतकं एक वाक्य प्रत्येक वाटाड्याने पाण्यात उतरण्यापूर्वी मोठ्याने सांगावं.

या गटातले सगळे १:५० ला पाण्याबाहेर होते. तरी चालायला सुरुवात झाली २:२५ ला. कपडे बदलणं, डबे काढणं, शेवटचा सामूहिक फोटो. ही पस्तीस मिनिटं महागात पडली. ओल्या कपड्यांतच निघायचं असतं. जेवण गावात असतं. कुंडावर केळी, चिक्की आणि पाणी एवढंच पुरतं.

ओढ्यावर

तीनला ओढा आला. सकाळी तो पोटरीच्या खाली, साधारण २० सेंटिमीटर होता. आता ५० सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारा, तांबूस आणि तळ न दिसणारा. गटातल्या पुरुषांनी लगेच सुचवलं की हातात हात धरून साखळी करू आणि जाऊ. वाटाड्यांनी ठाम नकार दिला.

तो नकार आकड्यांत असा बसतो. माणूस पाण्यात उभा राहू शकेल का, याचा ढोबळ अंदाज खोली आणि वेग यांच्या गुणाकाराने काढतात. ऑस्ट्रेलियातल्या पूरविषयक मार्गदर्शिकेत खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रतिसेकंदात धरून हा गुणाकार मुलांसाठी ०.४ आणि मोठ्यांसाठी ०.६ च्या आत असेल तर धोका कमी मानला आहे. हे आकडे बऱ्यापैकी सपाट तळासाठी आहेत. गुळगुळीत गोट्यांवर त्याहूनही कमीच धरायला हवेत. वेग मोजायला यंत्र लागत नाही. पाच मीटर अंतरावरचे दोन दगड हेरायचे, वरच्यापाशी पान टाकायचं आणि सेकंद मोजायचे. त्या दिवशी तीनला पान तीन सेकंदांत गेलं, म्हणजे सुमारे १.७ मीटर प्रतिसेकंद. गुणिले ०.५ मीटर खोली, उत्तर ०.८५. सकाळी हाच आकडा ०.१६ च्या आसपास होता. खोली अडीच पट झाली होती, पण फरक केवळ तेवढा नव्हता. वेगही दुपटीने वाढला होता, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

हातात हात धरलेली आडवी साखळी का वाईट? सगळे जण प्रवाहाला आडवे उभे राहतात, प्रत्येकावर पूर्ण रेटा येतो, आणि एकाचा पाय सुटला की तो शेजारच्याला खेचतो. कमरेला दोर बांधणं त्याहून वाईट. पडलेल्या माणसाला दोर जागीच अडकवतो आणि वरून येणारं पाणी त्याला खाली दाबतं.

म्हणून गट थांबला. काठापासून दूर, उंच जागी, मोठ्या एकट्या झाडाखाली न बसता, कारण वर गडगडाट सुरू झाला होता. काठाशी पुन्हा दगडांची खूण झाली आणि दर दहा मिनिटांनी तिच्यावर नजर. मुलांना कोरडा शर्ट आणि चिक्की मिळाली. एकाच्या फोनवर विजेचा इशारा आला होता, तो सकाळी आलेला आणि न वाचलेला. खोऱ्यात रेंज भरवशाची नसते, त्यामुळे हवामान खात्याचा इशारा भिऱ्यात असतानाच, चालायला लागण्यापूर्वी पाहायचा.

३:४० ला पाणी स्थिरावलं. सव्वाचारला उतरायला लागलं. पावणेपाचला खोली ३० सेंटिमीटरवर आली, वेग १.१ वर. गुणाकार ०.३३, आणि तळाचे गोटे पुसट दिसू लागले. तेव्हा वाटाड्यांनी ओलांडायचं ठरवलं, तेही वाटेवरच्या नेहमीच्या जागी नाही. ते चाळीस पावलं वर गेले, जिथे ओढा रुंद होऊन दोन फाट्यांत वाहत होता. रुंद जागी पाणी उथळ आणि मंद असतं. अरुंद जागा उडी मारण्याजोगी दिसते, पण सगळं पाणी तिथूनच दाटून जातं. खालच्या अंगाला धबधबा, आडवं झाड किंवा खडकांची फट नाही, हेही त्यांनी आधी पाहून घेतलं.

पद्धत अशी. तिघांची तुकडी, तोंड पाणी येतं त्या वरच्या अंगाकडे. सर्वांत धिप्पाड माणूस पुढे, हातात काठी. मागचे दोघे त्याच्या खांद्यांवर भार देऊन. एका वेळी एकच जण पाऊल सरकवतो, बाकीचे स्थिर. पाठीच्या पिशवीचा कमरपट्टा सोडलेला, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येते. पायांत बूट. प्रत्येक मुलाबरोबर दोन मोठे, मूल त्यांच्या आडोशाला, अंगात लाइफ जॅकेट. धाकटा वाटाड्या आधी पलीकडे जाऊन खालच्या अंगाला थ्रो बॅग घेऊन उभा राहिला. ही तरंगणाऱ्या दोराची, पंधरा-वीस मीटरची पिशवी असते. दोराचं एक टोक हातात ठेवून पिशवी वाहत्या माणसाच्या पुढ्यात फेकायची. लाइफ जॅकेटइतकीच ती गरजेची आहे, आणि अनेक सहलींत ती नसते.

कोणी पडलंच तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे आणि पाण्याच्या वर. लगेच उभं राहायची घाई करायची नाही. पाऊल दोन गोट्यांत अडकलं की गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो.

५:२० ला शेवटचा माणूस गावाकडच्या काठावर आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत त्याआधीच काळोख होतो. चौदा जणांत डोक्याला लावायचे दिवे दोनच होते, बाकी मोबाइलचे. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठच्या फांद्यांवर चापडा हा विषारी साप असतो, त्यामुळे अंधारात आधाराला फांदी धरायची नाही. दिवा प्रत्येकाकडे हवा, परत उजेडात येणार असलो तरी. गट ६:५० ला भिऱ्यात पोहोचला. काकांचा घोटा सुजला होता, बाकी इजा नाही.

बुडालेल्याला बाहेर काढलं तर

या गटाला हे लागलं नाही, पण तयारी लागतेच. माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबायचं नाही, उलटं धरायचं नाही. बुडण्यात प्राणवायू संपलेला असतो, म्हणून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं. एक जण रेंज मिळेपर्यंत खाली पळतो आणि ११२ किंवा १०८ लावतो. माणगावचं उपजिल्हा रुग्णालय भिऱ्याहून गाडीने पाऊण-एक तासावर आहे, आणि त्याआधी खांद्यावरून आणायची दीड-दोन तासांची पायवाट. म्हणजे पहिला उपचार गटालाच करावा लागतो. किमान दोघांना तो येत असल्याशिवाय या वाटेला गट नेऊ नये. पाण्यात लागलेली जखम उघडी राहिली असेल आणि आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना धबधब्याच्या सहलीचं आवर्जून सांगायचं. कोकणात लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या जंतूंचा ताप, आढळतो.

पैसे भरण्यापूर्वी

पावसाळ्यात माणगाव तालुक्यातल्या धबधब्यांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली असत. आदेश चालू असताना 'आमची गावात ओळख आहे' म्हणणाऱ्या आयोजकाबरोबर जायचं नाही. तो ज्या वाटाड्याला पुढे करतो, पहिला त्रास त्यालाच होतो.

एरवी आयोजकाला विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्याची उत्तरं लगेच यायला हवीत. मागे फिरण्याची वेळ कोणती, आणि ती गटातल्या सगळ्यांना लेखी कळवणार का? एका वाटाड्यामागे माणसं किती? लाइफ जॅकेटं किती, त्यांत मुलांच्या मापाची किती? थ्रो बॅग कोणाकडे? ओढा वाढला तर शेवटचा शब्द कोणाचा? या शेवटच्या प्रश्नाला 'वाटाड्याचा' याखेरीज दुसरं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नयेत. आणि वाटाड्याची मजुरी कुंडापर्यंत पोहोचण्यावर नसावी. गट अर्ध्यातून फिरला तरी ती पूर्ण द्यायची, हे आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेवावं. पोहोचलो नाही तर पैसे कापले जातील ही धास्ती असलेल्या माणसाला साडेबाराला "आता मागे" म्हणणं फार जड जातं.